६२ विजय आणि चार पराभव: २०१९ मध्ये टॅम्पाचं नेमकं काय बिनसलं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "मी क्रिकेट बघत वाढलेला माणूस. इथे ऑफिसात सगळे आइस हॉकीवर बोलतात, म्हणून बघायला लागलो. २०१८-१९ च्या हंगामात टॅम्पा बे लाइटनिंगने ८२ पैकी ६२ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत ओळीने चार सामने हरून ते घरी गेले. एवढा भारी संघ असा कसा हरतो? नशीब, दडपण, की माज?"

उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की दक्षिण ओंटारिओत गेली अठरा वर्षं मी मुलांच्या संघांबरोबर सहप्रशिक्षक आहे आणि त्यातलं निम्मं काम म्हणजे सामन्यांचं चित्रीकरण मागे-पुढे करत बसणं. स्केटिंग मी नाशिकला सिमेंटवर, चार चाकांवर शिकलो. त्यामुळे बर्फावर उलटं फिरताना मी आजही बघण्यासारखा दिसत नाही. पण चित्रीकरण बघायला पाय लागत नाहीत. त्या मालिकेचे चारही सामने मी इतक्यांदा थांबवून थांबवून पाहिलेत, की घरच्यांनाही टॅम्पाच्या बचावपटूंची नावं पाठ झाली.

तुमच्या तीन पर्यायांपैकी नशीब बऱ्यापैकी होतं. दडपण होतं, पण नंतर आलं. माज मला कुठे दिसला नाही. आणि सगळ्यात मोठं कारण तुमच्या यादीतच नाही. ते असं, की वर्षभर या संघाला ज्या ठिकाणी कुणी धरलंच नव्हतं, तिथे समोरच्या संघाने, कोलंबसने, धरलं. आणि तिथे धरलं तर काय करायचं, याचा सराव त्यांना नव्हता.

आधी तो हंगाम किती मोठा होता ते बघू, नाहीतर पडण्याची उंची कळणार नाही. ६२ विजय, १६ पराभव, शिवाय ज्यादा वेळेत गमावलेले ४ सामने. विजयाला दोन आणि ज्यादा वेळेतल्या पराभवाला एक, असे एकूण १२८ गुण. एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या या लीगमध्ये, ६२ विजयांचा विक्रम तोवर १९९५-९६ च्या डेट्रॉइट रेड विंग्जचा होता, त्याची त्यांनी बरोबरी केली. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावरच्या बॉस्टन आणि कॅल्गरीचे गुण होते १०७. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्यात २१ गुणांची दरी. निकिता कुचेरोवने एकट्याने १२८ गुण (गोल आणि गोलसहाय्य मिळून) केले. खेळाडूचा आकडा आणि संघाचा आकडा एकच, हा गमतीचा योगायोग. स्टीव्हन स्टॅमकोसचे ४५ गोल, ब्रेडन पॉइंटचे ४१, कुचेरोवचे ४१. मागे गोलपाशी आंद्रेई वासिलेव्हस्की, ज्याला त्या वर्षी सर्वोत्तम गोलीची (गोलरक्षकाची) वेझिना ट्रॉफी मिळाली. पॉवर प्ले, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असतानाचा खेळ, त्यात लीगमध्ये पहिला नंबर: २८.२ टक्के. चारपैकी एकाहून जास्त वेळा गोल! आमच्याकडे एखाद्या संघाचा वीस टक्के झाला तरी प्रशिक्षक खूश असतो.

आता समोर कोण? कोलंबस ब्लू जॅकेट्स. ९८ गुण. हंगाम संपायला एकच सामना उरला असताना त्यांची प्लेऑफमधली जागा पक्की झाली. २००० साली सुरू झालेल्या या संघाने तोवर प्लेऑफची एकही मालिका (प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे असतात) जिंकलेली नव्हती. त्या हंगामात टॅम्पाशी तीन सामने झाले, तिन्ही टॅम्पाने जिंकले. एकूण गोल १७ विरुद्ध ३.

या १७-३ वर सगळे फसले, आणि मीही फसलो. ते तीन सामने ऑक्टोबर, जानेवारी आणि १८ फेब्रुवारीला झाले होते. त्यानंतर चारच दिवसांनी कोलंबसने ओटावाकडून मॅट डुशेन घेतला, लगोलग रायन डिझिंगेल घेतला. महाव्यवस्थापक यार्मो केकालाइनेनने त्या फेब्रुवारीत सरळ जुगार खेळला. आर्तेमी पानारिन आणि गोली सर्गेई बोब्रोव्हस्की या दोघांचे करार त्या उन्हाळ्यात संपणार होते. कुठलाही हिशेबी माणूस त्यांना विकून काहीतरी पदरात पाडून घेतो. याने दोघांना ठेवलं आणि वर आणखी माणसं आणली. (जुलैत दोघेही निघून गेले, डुशेनही गेला. पण तो नंतरचा हिशेब.) म्हणजे एप्रिलमध्ये टॅम्पासमोर जो संघ उभा राहिला, त्याच्याशी टॅम्पा तोवर खेळलाच नव्हता. जुन्या गुणपत्रिकेवरून नव्या मुलाची परीक्षा घ्यायला निघाल्यासारखं झालं.

आणि कोलंबसचा प्रशिक्षक कोण, तर जॉन टोर्टोरेला. २००४ मध्ये टॅम्पाला पहिला स्टॅनले कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकून देणारा माणूस हाच.

पहिला सामना १० एप्रिलला, टॅम्पात. पहिल्या वीस मिनिटांत टॅम्पा ३-०. त्यातला पहिला गोल तर ॲलेक्स किलोर्नने आपला एक माणूस कमी असताना मारला. मी तेव्हा रिंकवरून घरी येत होतो, फोनवर आकडा बघितला आणि ठरवलं की आज जेवून झोपायचं. मग कोलंबसने दुसऱ्या सत्रात एक परत केला. तिसऱ्या सत्रात आधी डेव्हिड सव्हार्ड, जो एरवी मागे राहून बचाव सांभाळणारा गडी, तो स्वतः पक (हॉकीतला चेंडू, म्हणजे रबरी चकती) घेऊन आत घुसला आणि ३-२. मग टॅम्पाला पॉवर प्ले मिळाला. लीगमधला सर्वोत्तम पॉवर प्ले. त्यातच, एक गडी कमी असताना, कोलंबसच्या जॉश अँडरसनने गोल मारला, ३-३. त्यानंतर सेथ जोन्सने पॉवर प्लेवर चौथा मारला, आणि ४-३ वर सामना संपला.

माझ्या मते मालिका इथेच फिरली. पुढचे तीन सामने बघण्यापेक्षा या सामन्याचं दुसरं आणि तिसरं सत्र दोनदा बघावं. कशासाठी ते सांगतो.

क्रिकेटमध्ये गोलंदाज चेंडू टाकतो, मग खेळ सुरू होतो. हॉकीत अशी निवांत सुरुवात फार कमी वेळा मिळते. पक तुमच्या गोलमागे, कोपऱ्यात, बोर्डाला (रिंकभोवतीच्या भिंतीला) चिकटलेला असतो; तुमचा बचावपटू पाठमोरा तिकडे धावतो; आणि त्याच्या मागावर समोरचा एक गडी जिवाच्या आकांताने येत असतो. याला फोरचेक म्हणतात. बचावपटूकडे पक उचलून, मान वर करून, आपल्या माणसाला पास द्यायला सेकंद-दीड सेकंद असतो. तो पहिला पास नीट गेला, की कुचेरोव आणि पॉइंट मधल्या भागातून पूर्ण वेगात पळतात आणि मग त्यांना थांबवणं कुणाच्याही हातात नाही. टॅम्पाचे ते सगळे डोळे दिपवणारे गोल या एका कंटाळवाण्या पासवर उभे होते.

कोलंबसने त्या पासवर घाला घातला. पक आत टाकला, की पहिला गडी पूर्ण वेगात अंगावर, दुसरा बोर्डापाशी रस्ता अडवून, आणि बचावपटूसुद्धा मागे न सरकता पुढे येऊन उभे. तरीही पक सुटलाच, तर मधल्या पट्ट्यात गर्दी. टॅम्पाला मोकळी धाव मिळेना. त्यांनी काय केलं? तेच केलं जे वर्षभर चाललं होतं. समोरच्यांचा भाग जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेपाशी पक अडकतोय तर तो पुढे ढकलून मागे धावण्याऐवजी, आणखी एक बारीक पास, आणखी एक हूल. ऑक्टोबर ते मार्च हे दहापैकी आठदा जमतं. एप्रिलमध्ये सहादा जमतं, आणि न जमलेल्या चारांतला एक तुमच्या गोलमध्ये जातो.

हे मी तोऱ्याने सांगत नाही, कारण आमच्याकडे हेच झालंय. काही वर्षांपूर्वी आमचा तेरा वर्षांखालचा संघ गटात कितीतरी पुढे होता आणि पहिल्याच बाद फेरीत एका साध्यासुध्या, पण घोटे सोलून काढणाऱ्या संघाकडून हरला. चित्रीकरण बघताना ध्यानात आलं, की सरावात आमच्या बचावपटूंवर धावून जाणारी मुलं म्हणजे आमचीच दुसऱ्या फळीतली मुलं. मित्रच ते! कोण कशाला मित्राला बोर्डावर दाबेल? वर्षभर आम्ही आरामात पक बाहेर काढायचा सराव केला होता. दाब असताना काढायचा सराव शून्य. चूक पोरांची नव्हती, आमची होती.

दुसरा सामना ५-१. शेवटी-शेवटी कुचेरोवने वैतागून मार्कुस नुतिवाराला मागून बोर्डावर ढकललं आणि एका सामन्याची बंदी ओढवून घेतली. तुम्ही ज्याला दडपण म्हणता ते इथे दिसतं. लीगचा सर्वोत्तम खेळाडू डोकं हरवून बसला. तिसऱ्या सामन्यात, कोलंबसमध्ये, तो नाही, आणि व्हिक्टर हेडमनही नाही. हेडमन हंगामाच्या शेवटी दुखावला होता, पहिले दोन सामने तो तसाच खेळला आणि पुढचे दोन बाहेर बसला. अँटोन स्ट्रॉलमन तर अख्खी मालिकाच बाहेर. वर ज्या पहिल्या पासबद्दल लिहिलं, तो पास देणारी संघातली सर्वांत भरवशाची दोन माणसं हीच. टॅम्पाचे चाहते हे निमित्त म्हणून सांगतात आणि बाकीचे हसतात. मला मात्र ते पुरेसं गंभीर वाटतं. तिसरा सामना ३-१. चौथा, १६ एप्रिलला, ७-३. या ७-३ ला फार किंमत देऊ नका. ४-३ असताना टॅम्पाने बरोबरीसाठी गोलीला बाहेर काढून सहावा खेळाडू आणला, आणि कोलंबसचे शेवटचे तीन गोल रिकाम्या जाळ्यात गेले.

आता नशिबाकडे येऊ, कारण ते नाकारणारा माणूस हॉकी फार बघत नसावा.

चार सामन्यांत टॅम्पाला पॉवर प्ले मिळाले फक्त सहा, गोल एक. हंगामात त्यांना सामन्यामागे तीनेक संधी मिळायच्या. कोलंबसचा पॉवर प्ले हंगामभर लीगमधल्या अगदी तळाच्या संघांत होता. या मालिकेत त्यांनी दहापैकी पाच संधी साधल्या. पन्नास टक्के! हे कुठलंही कौशल्य नाही, आठवड्याची लहर आहे. वासिलेव्हस्कीने हंगामात शंभरातले साडेब्याण्णव फटके अडवले होते, या चार सामन्यांत साडेपंच्याऐंशी. समोर बोब्रोव्हस्कीने त्र्याण्णव अडवले. दोन गोलींमधला एवढा फरक असेल, तर प्रशिक्षकाने फळ्यावर काहीही काढलं तरी उपयोग नसतो.

मी एक साधं गणित मुलांच्या आईवडिलांना करून दाखवतो. समजा टॅम्पाची कोलंबसविरुद्ध प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६५ टक्के धरली. हॉकीत हा फार मोठा आकडा आहे. २००५ पासून खेळाडूंच्या एकूण पगारावर कडक मर्यादा असल्याने संघांत जमीन-अस्मानाचा फरक उरलेलाच नाही. तर ६५ टक्के धरूनही, सातपैकी चार जिंकायच्या मालिकेत टॅम्पा पाचातून एकदा हरणार. पाचातून एकदा म्हणजे काही आक्रीत नव्हे. ओळीने चार हरणं मात्र दीड टक्का. म्हणजे 'हरले कसे' याचं बरंचसं उत्तर फाशात आहे, आणि 'इतके वाईट हरले कसे' याचं उत्तर त्या पहिल्या पासात. लोक नेमकं उलटं धरतात.

त्या वर्षी चारही गटविजेते पहिल्या फेरीत गारद झाले, हेही ध्यानात ठेवा. टॅम्पासोबत कॅल्गरी, वॉशिंग्टन आणि नॅशव्हिल. आणि कप कुणी उचलला, तर सेंट लुईसने, जे जानेवारीच्या सुरुवातीला अख्ख्या लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर होते.

मग माजाचं काय? प्रशिक्षक जॉन कूपर हरल्यावर जे बोलले त्याचा आशय असा, की एवढे गुण होणं वरदानही असतं आणि शापही. खूप दिवस काहीच पणाला लागलेलं नसतं आणि मग एकदम वेग वाढवायचा असतो. टॅम्पाचं अव्वल स्थान मार्चच्या मध्यावरच पक्कं झालं होतं. कोलंबस त्याच वेळी रोज जगण्या-मरण्याचे सामने खेळत होता. याला माज म्हणणं मला पटत नाही. परीक्षा आधीच पास झालेल्या पोराला महिनाभर वर्गात बसवून ठेवलं, तर तो खिडकीबाहेर बघणारच. पण कूपरच्या स्पष्टीकरणावरही माझं पूर्ण समाधान नाही, कारण दुखणं जुनं होतं. आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या मालिकेत ३-२ अशी आघाडी असताना टॅम्पा शेवटचे दोन सामने हरला. ३-० आणि ४-०. दोन सामने आणि एकही गोल नाही! तेव्हा त्यांचे गुण १२८ नव्हते, वसंतातली सुस्तीही नव्हती. जागा अडवली की हा संघ आटतो, हे तेव्हाच दिसलं होतं. मग पुढच्या हंगामात ६२ सामने जिंकले आणि ते दिसायचं बंद झालं.

यानंतर व्यवस्थापनाने जे केलं, ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. आपल्याकडे विश्वचषक गेला की पुतळे जाळणं आणि कर्णधार बदला हे ओघानेच येतं. इथेही आरडाओरडा काही कमी नव्हता. महाव्यवस्थापक जुलियन ब्रिझब्वाने कूपरला ठेवलं. स्टॅमकोस, कुचेरोव, पॉइंट, हेडमन, वासिलेव्हस्की, सगळ्यांना ठेवलं. बदल केला तो कडेकडेने. उन्हाळ्यात पॅट मरून घेतला, सेंट लुईसकडून नुकताच कप जिंकलेला, अंगाने धिप्पाड, गोलसमोर ठाण मांडणारा गडी. जे. टी. मिलरला व्हँकुव्हरला देऊन ड्राफ्टच्या (नवोदित खेळाडू निवडण्याच्या) पहिल्या फेरीतली एक निवड मिळवली आणि २०२० च्या फेब्रुवारीत तीच निवड न्यू जर्सीला देऊन ब्लेक कोलमन आणला. सॅन होजेकडून बार्कली गुड्रो आणला, त्यासाठीही पहिल्या फेरीतली निवड मोजली. तेव्हा लोक हसले. तिसऱ्या फळीच्या माणसांसाठी एवढं कोण देतं? पण या दोघांचं काम एकच: समोरच्याच्या बचावपटूवर धावून जाणं, पक बोर्डावर दाबून धरणं, आणि सुंदर काही होत नसेल तेव्हा कुरूप काहीतरी घडवणं. जे कोलंबसने टॅम्पाला केलं, ते करणारी माणसं टॅम्पाने विकत घेतली.

२०२० च्या ऑगस्टमध्ये, महासाथीच्या काळात, टोरांटोच्या रिकाम्या स्टेडियममध्ये पहिल्या फेरीत पुन्हा समोर कोलंबसच आला. तो पहिला सामना मी आयुष्यात विसरणार नाही. दुपारी तीनला सुरू झाला. २-२ अशी बरोबरी. मग एक जादा सत्र, दुसरं, तिसरं, चौथं. कोलंबसचा गोली योनास कोर्पिसालो ८५ फटके अडवून बसला, लीगने १९५५-५६ मध्ये फटक्यांची अधिकृत नोंद सुरू केल्यापासून एका सामन्यात तेवढे कुणी अडवले नव्हते. आमच्या घरी मधे संध्याकाळचा चहा झाला, जेवण झालं, बायको विचारून गेली की हा तोच सामना आहे का. पाचव्या जादा सत्रात, दीडशे मिनिटांचा खेळ होऊन गेल्यावर, पॉइंटने गोल मारला.

त्या सामन्यात बघायची गोष्ट पॉइंटचा गोल नाही. पाय लाकडासारखे झालेले असताना टॅम्पाचे खेळाडू निळ्या रेषेपाशी काय करतात ते बघा. आदल्या वर्षी जिथे ते बारीक पास शोधायचे, तिथे आता पक सरळ आत टाकून धावताना दिसतात. पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत. ती मालिका त्यांनी ४-१ ने जिंकली, सप्टेंबरच्या अखेरीस डॅलसला हरवून कप घेतला आणि पुढच्या वर्षी माँट्रियलला हरवून पुन्हा घेतला. बहुतेक नावं तीच, प्रशिक्षकही तोच.

तुम्ही शेवटी विचारलंय, की २०२३ मध्ये बॉस्टनचं जे झालं ते हेच का. थोडं हेच, थोडं वेगळं. ६५ विजय, १३५ गुण, दोन्ही आकडे नवे विक्रम. समोर ९२ गुणांचा फ्लोरिडा. पहिल्या फेरीच्या मालिकेत बॉस्टन ३-१ पुढे होतं, तिथून ते तीन सामने हरले. सातव्या सामन्यात एक मिनिटही उरलेलं नसताना फ्लोरिडाने बरोबरी साधली आणि जादा वेळेत कार्टर व्हेरहेगीने संपवलं. हा व्हेरहेगी २०२० च्या टॅम्पा संघात होता, आणि फ्लोरिडाच्या गोलमध्ये होता बोब्रोव्हस्की. टॅम्पा चारही सामन्यांत अडकला होता, बॉस्टन तसं अडकलं नव्हतं. ते जिंकलेली मालिका सांडून बसले. त्यामुळे टॅम्पाचं निदान त्यांना जसंच्या तसं लावू नका. त्या मालिकेचं चित्रीकरण मी अजून पूर्ण दोनदाही बघितलेलं नाही, घरच्यांनी हात जोडलेत.